लष्करी खर्च आणि कामगाराचे हात



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे असा रिवाज आहे. आम्ही विद्वान नव्हे. आमचे शिक्षण बहुतेक सार्वजनिक वाचनालयात आणि कारखान्यांच्या फाटकांवर झाले. आजचा विषयही आम्हांला एका फाटकावरच मिळाला. म्हणून प्रथम ती हकीकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी आमच्या भागातील एका कारखान्यात लष्कराला लागणारे सुटे भाग तयार होत. मागणी घटली, पाळ्या कमी झाल्या, हंगामी कामगार घरी बसले. आम्ही युनियनच्या वतीने निवेदन लिहिले की, सरकारने या कारखान्याकडे अधिक मागणी नोंदवावी. त्याच आठवड्यात गावात युद्धविरोधी सभा होती आणि तेथेही वक्ते आम्हीच होतो. तेथे आम्ही म्हणालो की, शस्त्रांवरचा खर्च कमी झाला पाहिजे. दुसऱ्या दिवशी फाटकावर एका वयस्क टर्नरने आम्हांला बाजूला घेतले आणि विचारले, "भाऊ, काल रात्रीचं तुमचं भाषण ऐकलं, ते पटलं. परवाचं निवेदनही वाचलं, तेही पटलं. यातलं धरायचं कोणतं? गोळे कमी झाले तर जगाचं बरं होईल. पण एक तारखेला माझ्या घरी काय होईल?"

"बघू," असे म्हणून आम्ही वेळ मारून नेली. उत्तर नव्हते. शस्त्रांचा पैसा पर्यावरणाकडे आणि माणसांच्या रक्षणाकडे वळवावा असे म्हणणाऱ्या प्रत्येकाने या टर्नरला उत्तर दिले पाहिजे, असे आम्हांला तेव्हापासून वाटते. आजचे व्याख्यान म्हणजे ते उत्तर देण्याचा उशिरा केलेला प्रयत्न आहे.

प्रथम खर्चाचे आकडे पाहू. स्टॉकहोमची शांतता-संशोधन संस्था दरवर्षी जगाच्या लष्करी खर्चाचा हिशेब प्रसिद्ध करते. तिच्या हिशेबाप्रमाणे २०२४ साली जगाने लष्करावर सुमारे २ लाख ७१ हजार ८०० कोटी डॉलर खर्च केले. एका वर्षात ९.४ टक्के वाढ झाली. शीतयुद्ध संपल्यापासून एवढी मोठी वाढ झाली नव्हती. खर्च करणाऱ्या राष्ट्रांत आपला देश पाचवा होता.

आता दुसरी बाजू पाहा. २००९ साली कोपनहेगन येथे श्रीमंत राष्ट्रांनी कबूल केले की, हवामानाच्या संकटाशी झगडण्यासाठी २०२० पर्यंत गरीब राष्ट्रांना दरवर्षी १० हजार कोटी डॉलर उभे करून देऊ. तो शब्द पुरा व्हायला २०२२ साल उजाडले. नोव्हेंबर २०२४ मध्ये बाकू येथे नवा आकडा ठरला, तो २०३५ पर्यंत वर्षाला ३० हजार कोटी डॉलर. श्रोतेहो, साधा भागाकार केला तर ही रक्कम जगाच्या २०२४ च्या लष्करी खर्चाच्या सुमारे ४० दिवसांची भरते. चाळीस दिवसांची रक्कम जमवायला अकरा वर्षांची मुदत! शिवाय लष्कराच्या विमानांचा, जहाजांचा आणि रणगाड्यांचा धूर हवेत जातो तो वेगळाच. १९९७ च्या क्योतो करारात या धुराला मोठी सूट मिळाली आणि २०१५ च्या पॅरिस करारानंतरही त्याचा हिशेब देणे राष्ट्रांच्या मर्जीवर राहिले.

"सुरक्षा" या शब्दाचा अर्थ सीमेपुरता नाही, हे आपल्याच उपखंडातील एका अर्थशास्त्रज्ञाने जगाला सांगितले. महबूब उल हक हे त्यांचे नाव. जन्म जम्मूचा, पुढे पाकिस्तानचे अर्थमंत्री. संयुक्त राष्ट्रांच्या १९९४ च्या मानवी विकास अहवालात त्यांनी "मानवी सुरक्षा" ही कल्पना मांडली आणि राष्ट्रांनी लष्करी खर्च दरसाल ३ टक्क्यांनी घटवून त्यातून उरलेला पैसा लोकांच्या गरजांकडे वळवावा, असे सुचवले. भूक, रोग, बेकारी आणि निसर्गाचा कोप यांपासून माणूस सुरक्षित नसेल, तर सीमेवरची तोफ त्याच्या घरात निर्धास्तपणा आणू शकत नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादेत उष्णतेची लाट आली तेव्हा त्या महिन्यात नेहमीपेक्षा तेराशेहून अधिक माणसे जास्त दगावली. कोणत्याही शत्रूने गोळी झाडली नव्हती. पुढे २०१३ साली त्या शहराने उष्म्यापासून बचावाची योजना केली. आगाऊ इशारा, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी, अशा साध्या गोष्टींची. साऱ्या जगाला याच गोष्टी हव्या आहेत आणि त्यांनाच पैसा कमी पडतो.

इथपर्यंत बहुतेक सज्जन वक्ते येतात आणि थांबतात. "एका लढाऊ विमानाच्या किमतीत इतक्या शाळा होतील," असे सांगून टाळ्या मिळतात. परंतु विमानाचा पैसा विमानात असतो कोठे? तो असतो लेथवर उभ्या असलेल्या माणसाच्या पगारात, आराखडे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या पगारात, कारखान्यासमोरच्या खाणावळीत आणि कारखानदाराच्या नफ्यात. हा पैसा वळवायचा म्हणजे त्या माणसांचे काम वळवायचे. आधी कारखाना बंद करू, मग काय करायचे ते पाहू, असे म्हटले की पहिला विरोध कारखानदार करत नाही, टर्नर करतो; आणि त्याचे चुकत नाही.

ही गोष्ट ओळखून कामाला लागलेले कामगार जगात एकदा होऊन गेले. त्यांची हकीकत आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही, म्हणून ती थोडी विस्ताराने सांगतो.

इंग्लंडमध्ये ल्यूकस एरोस्पेस नावाची मोठी कंपनी होती. बर्मिंगहॅम, वुल्व्हरहॅम्प्टन, बर्नली, ब्रॅडफर्ड, लिव्हरपूल, लंडन अशा ठिकाणी तिचे सतरा कारखाने विखुरलेले होते. विमानांची नियंत्रणयंत्रे, जनित्रे आणि सुटे भाग तेथे होत. आणि सुमारे निम्मे काम लष्करी होते. १९७० नंतर कंपनीने कामगार कमी करण्यास सुरुवात केली. मजूर पक्षाचे सरकार आल्यावर संरक्षणखर्चात कपात होणार अशी बोलणी सुरू झाली. डाव्या विचारांच्या कामगारांपुढे तेव्हा नेमका आमच्या टर्नरचाच पेच उभा राहिला. कपातीला पाठिंबा द्यावा तर नोकरी जाते आणि नोकरी राखावी तर शस्त्रे मागावी लागतात.

त्यांनी पहिली गोष्ट केली ती एकजुटीची. कारखाने सतरा, संघटना तेरा. कुशल कारागिरांची वेगळी, ड्राफ्ट्समनची वेगळी, कारकुनांची वेगळी. या सर्वांच्या प्रतिनिधींची त्यांनी एक संयुक्त समिती केली. नोव्हेंबर १९७४ मध्ये समितीचे प्रतिनिधी उद्योगमंत्री टोनी बेन यांना भेटले. कंपनीचे राष्ट्रीयीकरण करावे अशी त्यांची मागणी होती. बेन म्हणाले की, तो अधिकार आपल्याला नाही. पण कंपनीने दुसरे काय करावे याची योजना तुम्हीच का तयार करत नाही?

समितीने प्रथम विद्यापीठे, तज्ज्ञ आणि संस्था यांना सुमारे १८० पत्रे धाडली. आमच्याकडे अशी कौशल्ये आहेत, अशी यंत्रे आहेत. समाजाला उपयोगी असे आम्ही काय करावे? उत्तरे आली ती हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी. तेव्हा त्यांनी वस्तुतः पहिल्याच दिवशी करावयास हवे होते ते केले. त्यांनी आपल्याच सभासदांना विचारले. प्रत्येक कारखान्यात प्रश्नावली फिरली. तुमच्या कारखान्यात कोणती यंत्रे आहेत? कोणती कौशल्ये आहेत? आणि तुमच्या मते आपण काय बनवले पाहिजे? आयुष्यभर दुसऱ्याने काढलेला आराखडा पाहून काम करणाऱ्या माणसांना हा शेवटचा प्रश्न बहुधा प्रथमच कोणी विचारला असेल.

जानेवारी १९७६ मध्ये योजना जाहीर झाली. सुमारे दोनशे पानांचा एक, असे सहा खंड. आणि त्यात दीडशे वस्तूंच्या सूचना. त्यांतील काहींची नावे ऐका. एक, उष्णतापंप, म्हणजे आपल्या घरातला फ्रिज उलट चालवून बाहेरच्या हवेतील ऊब घरात आणणारे यंत्र. दोन, पवनचक्क्या आणि सूर्याच्या उष्णतेवर चालणारी साधने. तीन, लहान इंजिन, बॅटरी आणि विजेची मोटार यांची सांगड घालून कमी इंधनात चालणारे वाहन. चार, रस्त्यावर आणि रुळांवर दोन्हीकडे धावेल अशी बस. पाच, मूत्रपिंडाच्या रोग्यांसाठी लागणारी यंत्रे, जी कंपनीच्या एका विभागात आधीपासून होत होती आणि ज्यांचे उत्पादन वाढवा असे समितीचे म्हणणे होते. वुल्व्हरहॅम्प्टनच्या कारखान्यातील एका माणसाने पाठीच्या कण्याच्या जन्मजात व्यंगामुळे चालू न शकणाऱ्या मुलांसाठी छोटी गाडी तयार केली. मुलाने स्वतः बसावे आणि स्वतःच ती चालवावी, अशी तिची रचना होती.

श्रोतेहो, हे साल १९७६ आहे, हे ध्यानात ठेवा. हवामानबदल हा शब्द तेव्हा वर्तमानपत्रांत क्वचितच येई. दोन शक्तींवर चालणारी मोटार जपानी कंपनीने मोठ्या प्रमाणावर बाजारात आणली ती १९९७ च्या डिसेंबरात. आणि ज्या ब्रिटनमध्ये ही योजना जन्मली त्याच ब्रिटनच्या सरकारने २०२० साली जाहीर केले की, २०२८ पर्यंत वर्षाला ६ लाख उष्णतापंप बसवण्याचे आमचे उद्दिष्ट आहे. कारागिरांना जे १९७६ साली दिसले ते राज्यकर्त्यांना दिसायला ४४ वर्षे लागली.

मग त्या योजनेचे झाले काय? कंपनीने ती नाकारली. विमानांचे काम हाच आमचा धंदा, असे तिचे उत्तर. आणि काय बनवायचे हे ठरवण्याचा अधिकार मालकाचा, ही त्यामागची खरी गोष्ट. सरकारने हात झटकले. बेन यांना तर आधीच, १९७५ साली, दुसऱ्या खात्यात हलवले होते. इथपर्यंत आश्चर्य वाटण्याचे कारण नाही. परंतु एक गोष्ट आम्ही कामगार चळवळीतले लोक सहसा सांगत नाही, ती सांगितली पाहिजे. मोठ्या संघटनांच्या वरिष्ठ कार्यालयांनीही या समितीला मनापासून साथ दिली नाही. ही समिती आमच्या अधिकृत चौकटीत बसत नाही, कागद योग्य मार्गाने आले नाहीत, असे आक्षेप निघाले. खालच्या माणसाने विचार केला की वरच्याला तो अधिक्षेप वाटतो. हा रोग कारखानदारांपुरता नाही. आम्ही स्वतःही किती वर्षे केवळ बोनस, ओव्हरटाइम आणि महागाईभत्ता यांवर भांडलो! त्या भांडणांबद्दल पश्चात्ताप नाही, ती भांडलीच पाहिजेत. पण सभासदाला "तू काय बनवतोस, आणि काय बनवावेसे वाटते?" असे आम्ही एकदाही विचारले नाही.

योजनेतील काही वस्तूंचे नमुने मात्र तयार झाले. ओपन युनिव्हर्सिटीच्या साहाय्याने उष्णतापंपाचा, आणि जुन्या बसच्या सांगाड्यावर रस्ता-रुळांच्या गाडीचा. समितीचे एक पुढारी, यंत्ररचनाकार माइक कूली, यांना १९८१ मध्ये कंपनीने कामावरून काढले. त्याच वर्षी स्वीडनमधला राइट लाइव्हलीहूड हा जगप्रसिद्ध पुरस्कार त्यांना मिळाला. कूली २०२० साली वारले.

आता यातून धडा कोणता? अनेक जण म्हणतात की योजना फसली, कारण ती स्वप्नाळू होती. आमचे मत निराळे आहे. वस्तू चांगल्या होत्या, हात तयार होते, यंत्रे होती. नव्हते ते गिऱ्हाईक. तोफगोळ्याला गिऱ्हाईक कोण असते? सरकार. गोळा तयार होण्यापूर्वीच त्याची मागणी नोंदलेली असते, आणि तो विकला जाईल की नाही याची चिंता कारखान्याला करावी लागत नाही. मूत्रपिंडयंत्राची गरज असलेला रोगी होता, अपंग मूल होते, थंडीत कुडकुडणारी म्हातारी माणसे होती. पण त्यांच्या वतीने मागणी नोंदवणारे कोणी नव्हते. लष्करी खर्च वळवणे म्हणजे तिजोरीतील रक्कम या खणातून त्या खणात ठेवणे नव्हे. सरकारची खात्रीची मागणी ज्या कारखान्याला गोळ्यांसाठी मिळते, त्याच कारखान्याला, त्याच कामगारांना ती पंपांसाठी, पूरबोटींसाठी, दवाखान्यातील यंत्रांसाठी मिळाली पाहिजे. एवढे झाले तर टर्नरची एक तारीख चुकणार नाही.

दुर्दैवाने आज जगाचे चाक उलटे फिरत आहे. जर्मनीत ग्योर्लिट्झ नावाच्या गावी १८४९ पासून रेल्वेचे डबे होत. फेब्रुवारी २०२५ मध्ये तो कारखाना रणगाडे करणाऱ्या कंपनीला विकण्याचा करार झाला. सुमारे ७०० कामगारांपैकी निम्म्याच्या आसपास कामगारांची नोकरी त्यामुळे राहणार होती आणि गावाने सुस्कारा टाकला. त्यांना कसा दोष द्यावा? त्याच महिन्यात ब्रिटनच्या पंतप्रधानांनी जाहीर केले की संरक्षणाचा खर्च वाढवण्यासाठी परदेशांना देण्याची मदत राष्ट्रीय उत्पन्नाच्या ०.५ टक्क्यांवरून २०२७ मध्ये ०.३ टक्क्यांवर आणली जाईल. जून २०२५ मध्ये हेग येथे नाटो राष्ट्रांनी ठरवले की २०३५ पर्यंत संरक्षण आणि तत्संबंधित गोष्टींवर राष्ट्रीय उत्पन्नाचे ५ टक्के खर्च करावयाचे. यावरून एक सिद्ध होते. डब्यांचा कारखाना रणगाड्यांकडे वळू शकतो, तर रणगाड्यांचा डब्यांकडे का वळू नये? जे यंत्राला शक्य आहे ते उलट दिशेनेही शक्य आहे. फक्त मागणी नोंदवणारा हवा.

येथे श्रोत्यांपैकी काहींच्या मनात एक आक्षेप असेल आणि तो रास्त आहे. आपल्या सीमा ब्रिटनच्या नव्हेत. १९६२ साल महाराष्ट्र विसरलेला नाही. त्या वेळी संरक्षणमंत्री कृष्ण मेनन यांच्यावर टीकेची झोड उठली. दारूगोळ्याचे कारखाने कॉफीची यंत्रे करत बसले, असा टोमणा घरोघर गेला. मेनन गेले आणि यशवंतराव चव्हाण दिल्लीस गेले. तेव्हा कोणी म्हणेल, तुम्ही पुन्हा कॉफीची यंत्रे करायला सांगता काय?

नाही. सैनिकाला कडाक्याच्या थंडीत अपुऱ्या कपड्यांनी आणि जुन्या बंदुकीने उभे करावे असे आम्ही म्हणत नाही. त्यात बहुतेक मुले आमच्याच, शेतकऱ्या-कामकऱ्यांच्या घरची असतात. शेजाऱ्यांनी मिळून, करारमदार करून, हळूहळू खर्च उतरवावा, एकट्याने शस्त्र टाकू नये, हे आम्हांला मान्य आहे. महबूब उल हक यांनीही दरसाल ३ टक्केच म्हटले होते. पण तो करार होण्याच्या दिवशी कारखान्यांची तयारी नसेल तर करारच कोणाला नको वाटेल. म्हणून तयारी आज हवी, मागणी भरपूर असताना हवी. पाणी गळ्याशी आल्यावर पोहायला शिकता येत नाही.

आणि आपल्याकडे हे जमते, याचा पुरावा आहे. खडकी, देहूरोड, अंबरनाथ, भुसावळ, वरणगाव, भंडारा, अंबाझरी, भद्रावती. महाराष्ट्रात या गावांत दारूगोळ्याचे सरकारी कारखाने आहेत. २०२० साली कोरोनाची साथ आली तेव्हा देशातील अशा कारखान्यांनी काही आठवड्यांत मास्क, डॉक्टर-परिचारिकांचे अंगभर कपडे आणि जंतुनाशक द्रव तयार करायला घेतले. कामगारांनी "हे आमचे काम नव्हे" असे म्हटले नाही. सरकारला गरज होती, मागणी होती, हात वळले. मात्र पुढच्याच वर्षी या कारखान्यांची सात महामंडळे करावयाची ठरली तेव्हा कामगार संघटनांचा विरोध होता. संप होऊ नये म्हणून जून २०२१ मध्ये वटहुकूम निघाला आणि १ ऑक्टोबर २०२१ रोजी बदल अमलात आला. हातांची गरज लागली तेव्हा ते हात हवे होते. कारखान्याचे काय करावे हे ठरवताना त्यांचे मत नको होते.

तेव्हा आमची सूचना साधी आहे. शस्त्रांचे काम करणाऱ्या प्रत्येक कारखान्यात, सरकारी असो वा खाजगी, युनियनने स्वतःची यादी करावी. यंत्रे कोणती, कौशल्ये कोणती, आणि आपल्या तालुक्याला, जिल्ह्याला कशाची वाण आहे. यात जवळच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाची मदत घ्यावी. या कामाला व्यवस्थापनाची परवानगी लागत नाही. वही आणि पेन्सिल लागते. दुसरे, आपण नागरिकांनी आपल्या प्रतिनिधींना "खर्च कमी करा" एवढेच सांगून थांबू नये. "या कारखान्याकडे ही मागणी नोंदवा" असे सांगावे. लस थंड ठेवणारी सौरयंत्रे, पूरग्रस्त गावांसाठी बोटी, दवाखान्यांसाठी उपकरणे. नेमकी वस्तू, नेमका कारखाना. मोघम मागणीला मोघम उत्तर मिळते.

तो टर्नर आता निवृत्त झाला आहे. गेल्या वर्षी भेटला तेव्हा आम्ही त्याला ल्यूकसच्या कामगारांची ही सारी हकीकत सांगितली. तो शांतपणे ऐकत होता. प्रश्नावलीची गोष्ट आली तेव्हा त्याने आम्हांला थांबवले आणि विचारले, "आम्हांला का नाही विचारलंत, भाऊ? पाण्याच्या पंपाबद्दल माझ्या डोक्यात एक गोष्ट होती." आम्ही म्हणालो, "आता सांगा." त्याने खिशातून बसचे तिकीट काढले आणि मागच्या बाजूस आकृती काढून दाखवली. ती चालेल की नाही हे आम्हांला सांगता येत नाही. आम्ही एका अभियांत्रिकी शिक्षकाकडे ती दिली आहे. पण त्याने जी वीस वर्षे मनात ठेवली होती, ती आम्ही विचारले असते तर निदान एक दिवस आधी तरी बाहेर आली असती.